कमल रणदिवे आणि ‘आनुवंशिक’ या शब्दाचा घोळ

८ नोव्हेंबर २०२१ ला गूगलच्या पहिल्या पानावर एका मराठी शास्त्रज्ञ बाईंचं चित्र होतं. डॉ. कमल रणदिवे, १०४ वी जयंती. त्या दिवशी अनेकांनी हे नाव पहिल्यांदाच वाचलं असणार. तेव्हापासून त्यांच्यावरचा एक ठरावीक मजकूर या फोनवरून त्या फोनवर फिरतो आहे. तुमच्याकडेही कधीतरी आला असेल.

मजकूर साधारण असा असतो. जन्म १९१७, पुणे. वडील दिनकर दत्तात्रय समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलीने डॉक्टर व्हावं अशी त्यांची इच्छा, पण मुलीने वनस्पतिशास्त्र घेतलं. १९३९ मध्ये जयसिंग रणदिवे यांच्याशी लग्न, मग मुंबई, टाटा मेमोरियल रुग्णालय. १९४९ ला पीएचडी. अमेरिकेत जाऊन शिकून परत. देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा, म्हणजे शरीराबाहेर काचेच्या भांड्यात पेशी वाढवण्याची सोय. १९७३ मध्ये महिला शास्त्रज्ञांची संघटना. १९८२ मध्ये पद्मभूषण. आणि या सगळ्यात एक वाक्य हमखास असतं: स्तनाचा कॅन्सर आणि आनुवंशिकता यांचा संबंध सांगणाऱ्या जगातल्या पहिल्या संशोधकांपैकी त्या एक होत्या.

बाकी मजकुराबद्दल माझी तक्रार नाही. मला बोलायचंय ते या शेवटच्या वाक्याबद्दल. ते वाक्य रणदिवेंवर अन्याय करतं आणि ते वाचणाऱ्या घरांवर त्याहून जास्त. त्यात दोन शब्द घोटाळ्याचे आहेत. एक ‘पहिल्या’ आणि दुसरा ‘आनुवंशिकता’.

‘पहिल्या’ म्हणजे काय?

आधी सोपा शब्द घेऊ. स्तनाचा कॅन्सर काही घराण्यांत पुन्हा पुन्हा दिसतो, हे फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी १८६६ मध्येच लिहून ठेवलं होतं. त्यांनी स्वतःच्या बायकोच्या घराण्यातल्या चार पिढ्यांची नोंद केली होती. म्हणजे रणदिवेंच्या जन्माच्या पन्नास वर्षं आधी. तेव्हा ‘पहिल्या’ हे खरं नाही, आणि खरं असण्याची गरजही नाही. रणदिवेंचं मोठेपण शर्यतीत कितव्या आल्या यावर अवलंबून नाही.

पण आपल्याकडे शास्त्रज्ञाचं चरित्र लिहिण्याची रीतच तशी पडली आहे. आरतीत देवाच्या हातातली आयुधं आणि अंगावरचे अलंकार सांगतात, तशी आपण पदं आणि पुरस्कार सांगतो. या माणसाला प्रश्न कोणता पडला होता, तो सोडवायला त्याने सकाळी प्रयोगशाळेत जाऊन नेमकं काय केलं, हे येतच नाही.

मी कागलचा. आमच्या गावच्या आनंद यादवांनी ‘झोंबी’ लिहिलं, १९८७ मध्ये. ते वाचताना लेखकाला पुढे काय मान मिळाला याच्याशी वाचकाला काही देणंघेणं नसतं. शाळेचा एकेक दिवस बापाशी आणि शेताशी कसं झुंजून मिळवला, ते दिसतं. म्हणून ते पुस्तक खरं वाटतं. मराठीत आत्मचरित्राला ही सवय लागली, विज्ञानचरित्राला लागली नाही. तिथे अजून फक्त निकाल जाहीर होतात.

रणदिवेंच्या बाबतीत प्रश्न शोधायचा तर सुरुवात गुणसूत्रांपासून होते. १९४३ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी एमएससी केली, ती सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांवर. म्हणजे पेशी उघडून आत आई-बापाकडून काय आलंय ते पाहायचं, ही नजर त्यांना कॅन्सरकडे वळण्याआधीच मिळाली होती.

मुंबईत त्यांना मार्गदर्शक मिळाले वसंत रामजी खानोलकर. भारतातल्या विकृतिशास्त्राचा, म्हणजे रोगट पेशी तपासून निदान करण्याच्या शास्त्राचा पाया घालणारा हा माणूस. खानोलकरांची नजर उलट्या बाजूने चालायची. १९४५ च्या एका शोधनिबंधात त्यांनी भारतीयांच्या सवयींमधून होणाऱ्या कॅन्सरांची नोंद केली. धोतराची गाठ कमरेला वर्षानुवर्षं घासून त्या जागी होणारा ‘धोती कॅन्सर’ त्यातलाच, आणि ओठाच्या आत खैनी धरणाऱ्यांना तिथेच होणारा कॅन्सरही. खानोलकरांसाठी रोग बाहेरून येत होता: कापडातून, तंबाखूतून, रोजच्या वागण्यातून.

शिष्या आतून बघणारी आणि गुरू बाहेरून बघणारा. रणदिवेंचं संशोधन या दोन नजरांच्या मधे उभं आहे.

उंदीर, दूध आणि दत्तक

रणदिवेंनी स्तनाच्या कॅन्सरवर काम सुरू केलं ते उंदरांवर. त्यांनी चार वाणांचे उंदीर घेतले. एखाद्या वाणातल्या माद्यांना हा कॅन्सर सहज व्हायचा, एखाद्यात क्वचितच. यातल्या निरोगी माद्यांच्या दूधग्रंथींची रचना त्यांनी तुलना करून पाहिली. रोग झाल्यावर गाठ कशी दिसते हे सगळेच बघत होते. रोग होण्याआधी, निरोगी ऊतीतच काही फरक दिसतो का, हा प्रश्न वेगळा होता.

आता वाटेल की वाणावाणांत फरक आहे म्हणजे कारण आनुवंशिक, विषय संपला. इथेच खरी गंमत आहे. १९३३ मध्ये अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत असं दिसलं की जास्त कॅन्सर होणाऱ्या वाणाचा आणि कमी होणाऱ्या वाणाचा संकर केला, तर मुलींचं भवितव्य आईच्या वाणावर ठरतं, बापाच्या नाही. नुसत्या जनुकांचा खेळ असता तर आई-बापाचं वजन सारखं पडायला हवं होतं. मग १९३६ मध्ये जॉन बिटनर यांनी एक साधा प्रयोग केला. जास्त कॅन्सर होणाऱ्या वाणाची नुकती जन्मलेली पिल्लं उचलली आणि कमी कॅन्सर होणाऱ्या वाणाच्या मादीखाली दूध प्यायला ठेवली.

कागलच्या माणसाला हा प्रयोग समजायला वेळ लागणार नाही. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. रक्तातून काय आलं आणि वाढलेल्या घरातून काय आलं, हा प्रश्न आमच्याकडे पारावरचा आहे. बिटनर यांनी तोच प्रश्न उंदराला विचारला.

उत्तर आलं की दत्तक गेलेल्या पिल्लांमध्ये मोठेपणी कॅन्सरचं प्रमाण खूप घटलं. रक्त तेच, दूध वेगळं. पुढे कळलं की या उंदरांच्या दुधातून एक विषाणू पिल्लांकडे जात होता. जे घराण्यातून उतरतंय असं वाटत होतं, ते बऱ्याच अंशी संसर्गाने येत होतं. (इथे एक गोष्ट ठळक सांगायला हवी. हे उंदरांपुरतं आहे. माणसात आईच्या दुधातून कॅन्सर बाळाकडे जात नाही. उलट, अंगावर पाजल्याने आईचा स्तनाच्या कॅन्सरचा धोका कमी होतो.)

त्याच सुमारास तिसरा धागाही हाती आला होता. १९३२ मध्ये फ्रान्सच्या लाकासान्य यांनी नर उंदरांना स्त्रियांचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, टोचून त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर घडवून दाखवला होता. म्हणजे रणदिवे या विषयात आल्या तेव्हा टेबलावर तीन गोष्टी होत्या: वाण, हार्मोन आणि विषाणू. एकट्या कोणाचंच उत्तर पुरेसं नव्हतं. या तिन्हींची गाठ कशी बसते, हा त्यांच्या कामाचा विषय होता. नंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गाठीतून ‘हीला’ पेशी वाढवल्या गेल्या, ती हीच प्रयोगशाळा. तिथलं टिश्यू कल्चरचं तंत्र त्या परळला घेऊन आल्या, कारण एकेक कारण सुटं करून पाहायचं तर पेशी शरीराबाहेर वाढवता यायला हव्यात.

आता ते फिरतं वाक्य पुन्हा वाचा. ‘स्तनाचा कॅन्सर आणि आनुवंशिकता यांचा संबंध सांगणाऱ्या.’ ज्या बाईंनी आनुवंशिकता एकटी पुरत नाही या जागेवरून काम सुरू केलं, त्यांच्या नावावर आपण फक्त आनुवंशिकता चिकटवली.

एका शब्दात दोन गोष्टी

यात नुकसान काय? चरित्रातला एक शब्द इकडे-तिकडे झाला, एवढंच ना? नाही. मराठीत आपण ‘जनुकीय’ आणि ‘आनुवंशिक’ हे शब्द एकाच अर्थाने वापरतो आणि त्याची किंमत घरात मोजावी लागते.

प्रत्येक कॅन्सर जनुकीय असतो. म्हणजे कुठल्यातरी पेशीतल्या डीएनएमध्ये बदल होतात, ते साठत जातात, आणि ती पेशी थांबायचं कधी हे विसरते. पण हे बदल बहुतेक वेळा त्या माणसाच्या हयातीत, त्याच्याच शरीराच्या एका कोपऱ्यात झालेले असतात. ते आई-बापाकडून आलेले नसतात आणि मुलांकडे जात नाहीत. स्तनाच्या कॅन्सरमध्ये जन्मतः मिळालेला एखादा मोठा दोष कारणीभूत असण्याचं प्रमाण साधारण ५ ते १० टक्के धरतात. तेवढाच खऱ्या अर्थाने आनुवंशिक. डॉक्टर म्हणतात ‘जेनेटिक’, वर्तमानपत्र छापतं ‘आनुवंशिक’, आणि घरात ऐकू येतं ‘खानदानाला लागलेलं’.

आमच्या घरातलं सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या चुलत बहिणीच्या छातीत गाठ लागली. पुढे ती साधी निघाली. पण पहिल्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, “घरात कुणाला कॅन्सर झालाय का?” काकू लगेच म्हणाली, “न्हाई वो डॉक्टर, आमच्यात न्हाई कुणाला.” आमच्या सख्ख्या आत्याचं याच आजाराचं ऑपरेशन तिच्या चाळिशीत झालेलं. बाहेर आल्यावर बहिणीने विचारलं तेव्हा काकूचं उत्तर तयार होतं. “ती लगीन हून गेली की. आता ती त्यांच्या घरातली.” आणि मग हळू आवाजात, “तुझं बघायचं चाललंय. हितं कागदावर कशाला लिवून ठेवायचं?”

काकूला अडाणी म्हणून मोकळं होता येणार नाही. तिच्या म्हणण्याला तिचा हिशेब आहे. लग्न झालं की मुलीचं आडनाव, कुळाचार, देव सगळं बदलतं, तर मग आजार कुणाच्या खात्यात? शिवाय ‘आनुवंशिक’ या शब्दाने स्थळं मोडतात हे तिने पाहिलेलं आहे. चूक असेल तर ती शब्द तसा पोचवणाऱ्यांची आहे, आणि त्यात आपण लिहिणारे पुढे आहोत.

पण शरीराचा हिशेब वेगळा चालतो. आत्या आणि काका यांचे आई-बाप एकच. स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा दोष बापाकडूनही मुलीला मिळू शकतो, आणि शक्यता तेवढीच असते, निम्मी. बापाला स्वतःला काही झालेलं नसलं तरीही. म्हणून डॉक्टरच्या प्रश्नात आत्या सगळ्यात आधी यायला हवी. आपल्या उत्तरातून ती सगळ्यात आधी गळते.

मिळतं काय, तर मोडकी दुरुस्ती

आता ‘दोष’ म्हणजे काय ते पाहू. इथे रणदिवेंच्या काळात नसलेलं ज्ञान मदतीला येतं.

आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएला रोज हजारो इजा होतात. ऊन आणि धूर ही बाहेरची कारणं. पण नुसतं पाणी, प्राणवायू आणि पेशीचा रोजचा कारभार एवढ्यानेही इजा होतच असतात. तरी आपण टिकतो, कारण पेशीत दुरुस्ती करणारी प्रथिनं सतत कामाला असतात. ही दुरुस्ती कशी चालते हे उलगडल्याबद्दल टॉमस लिंडाल, पॉल मॉड्रिक आणि अझीझ सांजार यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

इजांमधली सगळ्यात वाईट म्हणजे डीएनएचे दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटणं. ते जोडायचे दोन मार्ग आहेत. एक घाईचा: तुटकी टोकं तशीच एकमेकांना चिकटवायची. यात मधली अक्षरं गळू शकतात. दुसरा काळजीचा: त्याच मजकुराची दुसरी प्रत शेजारी असते, ती बघून तुटलेला भाग जसाच्या तसा पुन्हा लिहायचा. या काळजीच्या मार्गावर दोन प्रथिनं महत्त्वाची आहेत, बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२. बीआरसीए-२ तर दुरुस्ती करणाऱ्या दुसऱ्या एका प्रथिनाला हाताला धरून तुटलेल्या जागी आणून बसवतं. यातलं पहिलं जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे हे मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये दाखवलं, १९९४ मध्ये ते हाती लागलं आणि १९९५ मध्ये दुसरंही.

या जनुकांचं नाव ‘ब्रेस्ट कॅन्सर’ या दोन शब्दांवरून पडलं, आणि नावानेच घात केला. लोक विचारतात, “तुमच्यात ते कॅन्सरचं जनुक आहे का?” ते प्रत्येकात आहे. तुमच्यात, माझ्यात, बापयातसुद्धा. त्याचं काम कॅन्सर रोखण्याचं आहे. अग्निशमन दलाला ‘आग’ म्हणावं तसा हा प्रकार झाला. काही घराण्यांतून जे उतरतं ते या जनुकाची एक बिघडलेली प्रत. दुसरी चांगली प्रत असते, तिच्यावर पेशी काम भागवतात. एखाद्या पेशीत ती दुसरीही गेली, की त्या पेशीत काळजीची दुरुस्ती बंद पडते, चुका साठायला लागतात आणि पुढे कॅन्सर होऊ शकतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्या धंद्यात चूक नसलेला कोड कोणी लिहीत नाही. सिस्टीम टिकते ती तपासण्यांवर: दुसऱ्याने कोड वाचणं, चाचण्या, जुन्या आवृत्तीशी ताडून बघणं. समजा एखाद्या टीमला जुन्या टीमकडून प्रोजेक्ट मिळाला आणि त्यातली एक तपासणी आधीपासून बंद होती. या टीमला बग मिळाला असं म्हणता येणार नाही. बग पकडायची एक चाळणी कमी मिळाली. बिघडलेली प्रत घेऊन जन्मलेल्या मुलीचं असंच असतं. तिला कॅन्सर मिळालेला नसतो, दुरुस्तीचं एक हत्यार कमी मिळालेलं असतं. उपमा इथवरच चालते. आमच्याकडे चूक कोणीतरी केलेली असते, नाव सापडतं. पेशीत कोणाचीच चूक नसते.

हा फरक नुसता समजुतीचा नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, असा दोष असलेल्या स्त्रियांना वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता सुमारे ७० टक्के आढळली. आकडा मोठा आहे, पण शंभर नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोष माहीत असेल तर करण्यासारखं पुष्कळ आहे: तपासण्या लवकर आणि वेगळ्या पद्धतीने सुरू करता येतात, आणि रोग झालाच तर औषधही वेगळं निवडता येतं. ओलापरिब नावाचं औषध २०१४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ज्या गाठीत बीआरसीएची दुरुस्ती आधीच बंद आहे, तिथे हे औषध दुरुस्तीचा आणखी एक मार्ग बंद करतं. चांगल्या पेशी पहिल्या मार्गावर तगतात, गाठीतल्या पेशींना दोन्ही वाटा बंद होतात. म्हणजे ज्या दोषामुळे गाठ झाली, तोच तिचा कच्चा दुवा ठरतो. पण हे कळण्यासाठी आधी आत्याचं नाव कागदावर यावं लागतं. टाटा मेमोरियल केंद्रात कॅन्सरच्या जनुकशास्त्राचा स्वतंत्र दवाखाना चालतो. तिथेही पहिला प्रश्न घराण्याचाच असतो.

तंबाखूच्या पट्ट्यातून पाहताना

इथे थांबलो तर हा लेखही एकाच बाजूला झुकेल. दुरुस्ती महत्त्वाची, मान्य. पण मोडतोड कोण करतंय?

कागलहून निपाणी वीसएक किलोमीटर. मधे राज्याची हद्द आहे, पण तंबाखूला हद्द नाही. निपाणीच्या वखारींमध्ये बायकांनी तंबाखू झोडपण्यात, चाळण्यात, भरण्यात आयुष्यं घालवली. युगांतर या स्त्रियांच्या चित्रपटसमूहाने १९८२ मध्ये या कामगार बायकांवर माहितीपट केला.

अशाच कामाचा दुसरा साक्षीदार मुंबईच्या प्रयोगशाळेत आहे. रणदिवेंनी जी संस्था घडवली आणि १९६६ ते १९७० या काळात चालवली, त्याच कॅन्सर संशोधन संस्थेत पुढे रजनी भिसे यांच्या गटाने बिडी वळणाऱ्या आणि तंबाखूवर प्रक्रिया करणाऱ्या कामगारांवर काम केलं. १९९५ मध्ये मनोज महिमकर आणि भिसे यांनी दाखवलं की तंबाखूवर प्रक्रिया करणाऱ्यांच्या गुणसूत्रांमध्ये तोडमोड वाढलेली असते. ही बिडी ओढणाऱ्यांची गोष्ट नाही, बिडीसाठी राबणाऱ्यांची आहे. घाम, खोकला, मळमळ हे सांगता येतं. पेशीतली तुटलेली गुणसूत्रं सांगता येत नाहीत, ती कोणीतरी मोजावी लागतात. तो निबंध वाचताना मला खानोलकर आठवले, बाहेरून बघणारे. फरक एवढाच की आता बाहेरची इजा आतल्या गुणसूत्रावर मोजता येत होती. दोन्ही नजरा एका चौकटीत आल्या होत्या.

याच गटाच्या २००२ च्या एका निबंधात पुढची पायरी आहे. विषारी द्रव्यं निकामी करणारं एक जनुक काही माणसांत मुळातच नसतं. तंबाखूची सवय असलेल्यांपैकी ज्यांच्यात ते नव्हतं, त्यांना तोंडाच्या कॅन्सरचा धोका जास्त दिसला. संशोधन म्हणून हे मोलाचं आहे. पण आपल्या भाषेत आणताना इथेच जपायला हवं. ‘काहींची प्रकृतीच तशी’ हे वाक्य विज्ञानाच्या तोंडून आलं की फार सोयीचं होतं. तंबाखू विकणाऱ्याला ते सोयीचं, वखारीत हवा खेळती न ठेवणाऱ्याला सोयीचं. बाईच्या नशिबाच्या जागी आता बाईचं जनुक बसतं, बाकी काही बदलत नाही. निबंध मात्र तसं म्हणत नाही. त्यातली माणसं आधी तंबाखूच्या सहवासात आहेत आणि मग त्यांच्या जनुकांचा प्रश्न येतो. तंबाखू काढून घ्या, त्या जनुकाच्या नसण्याला फारसं काम उरत नाही.

रणदिवेंना हे दिसत होतं असं मला त्यांच्या पुढच्या आयुष्यावरून वाटतं. चरित्राच्या मजकुरात शेवटी एक ओळ असते की त्यांनी अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाच्या नोंदी घेतल्या आणि गावातल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. ही ओळ ‘समाजसेवा’ या खणात टाकली जाते. मला ती संशोधनाचाच पुढचा भाग वाटते. वाणावाणांच्या उंदरांपासून सुरुवात करणारी बाई शेवटी मुलाच्या ताटात काय आहे ते लिहून घेत होती. शरीर आपल्याला काय घेऊन येतं आणि जग त्याला काय करतं, हे दोन्ही मोजल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही, याच खात्रीने त्या तिथे गेल्या असाव्यात.

वाक्य दुरुस्त करू

म्हणून माझी सूचना छोटी आहे. पुढच्या ८ नोव्हेंबरला तो मजकूर आला तर पुढे पाठवा, पण एक वाक्य बदलून. ‘पहिल्या’ काढून टाका. तिथे असं काहीसं लिहा: कमल रणदिवे यांनी स्तनाच्या कॅन्सरमध्ये घराण्यातून आलेलं काय, शरीरात घडलेलं काय आणि बाहेरून आलेलं काय, हे वेगळं करून पाहण्याचा प्रयत्न आयुष्यभर केला.

वाक्य जरा लांब झालं, मान्य. आरतीत बसणार नाही. पण ते वाचून कुणी आपल्या घराण्याला शाप लागलाय असं समजणार नाही. आणि डॉक्टरांनी विचारलं तर आईकडच्या मावशीबरोबर बापाकडच्या आत्याचंही नाव सांगायला हरकत काय, असा विचार एखाद्या घरात तरी होईल. तसं झालं तर रणदिवेंचं काम त्या घरात पोचलं असं म्हणता येईल.